वीस बाटल्या

एक

गोजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा सुरेखा गाडेकर आपल्या नोकरीतल्या सगळ्यात चांगल्या अहवालाचं शेवटचं पान वाचत होती. शुक्रवारची सकाळ होती. नगरला सावेडीतल्या संस्थेच्या ऑफिसात नुकताच चहा आला होता.

सुरेखाचं काम कुणाच्या डोळ्यांत भरणारं नव्हतं. गावात पाण्याची योजना झाली, संडास बांधून झाले, फीत कापून मंडळी पेढे खाऊन घरी गेली, की तिचं काम सुरू व्हायचं. दर वर्षी तपासणी लावायची. नळ चालतो का, संडास वापरात आहे का, पाणी पिण्याजोगं आहे का. असं सलग दहा वर्षं. पाथर्डी तालुक्यातल्या भोकरदऱ्याची दहा वर्षं यंदा पुरी झाली होती. दुसऱ्या वर्षीची एक लाल फुली सोडली, तर पुढची आठ वर्षं ओळीनं हिरवी. एवढं गुणी गाव तिच्या यादीत दुसरं नव्हतं.

गोजरबाईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. भोकरदऱ्याचं पाणी पिण्यास योग्य असल्याचा दाखला होता तो.

"ही सही तुमचीच ना, बाई?"

"हो, माझीच."

"मंग माझी सून कशानं मेली, तेवढं सांगा."

सुरेखानं कप खाली ठेवला. गोजरबाई पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, आणि बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. सून रेश्मा, बावीस वर्षांची, आठवा महिना. चार जानेवारीला ताप आला, मग डोळे पिवळे झाले. सोळा तारखेला नगरच्या दवाखान्यात ती गेली आणि पोटातलं बाळही गेलं. डॉक्टर म्हणाले, ही पाण्यातून होणारी कावीळ, पोटुशीला फार वाईट. ताप येण्याआधी पाच-सहा आठवडे कधीतरी घाण पाणी पोटात गेलेलं असणार.

"गावात आनी कुनाला झाली कावीळ?" म्हणून डॉक्टरांनी विचारलं होतं. गोजरबाईंना काही सांगता आलं नव्हतं. मग रेश्माच्या वडलांनी याच दाखल्याची प्रत नेऊन पोलीस ठाण्यात दिली. गावचं पाणी कागदोपत्री निर्मळ, तर पोरीला घाण पाणी पाजलं कुणी? सासूनं. डबक्याचं पाजलं, छळ केला.

"सोमवारी जबाबाला बोलावलंय. अटक करत्याल म्हनत्यात." गोजरबाई थांबल्या. "अटकेचं काय न्हाई हो. माझा बजरंग श्रीगोंद्याला उसावर हाय. तेराव्यापस्नं त्यो माझ्याशी बोलत न्हाई. त्याला बी वाटतंय, मीच कायतरी पाजलं."

सुरेखानं त्यांना बसवलं, चहा दिला आणि कपाट उघडलं. खालच्या खणात दहा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. लिटर-लिटरच्या, सीलबंद, प्रत्येकीवर भोकरदऱ्याची चिठ्ठी. एरवी गावातून दोनच बाटल्या यायच्या. यंदा दहावं वर्ष, म्हणून सुरेखानं स्वतः हुकूम काढला होता, की वीस आणा. दहा प्रयोगशाळेत जातील, दहा राखीव राहतील, उद्या कुणी शंका काढली तर असाव्यात.

तिनं प्रयोगशाळेचे दहाही वर्षांचे कागद टेबलावर पसरले. आजवर तिनं त्यांतला शेवटचा रकाना तेवढा वाचला होता, योग्य की अयोग्य. अहवालाच्या छापील नमुन्यात तेवढंच विचारलेलं असायचं. आज ती वरपासून वाचायला लागली आणि तिसऱ्या ओळीवर तिचं बोट अडकलं. पाण्याचा जडपणा. पहिल्या वर्षी सहाशे दहा. दुसऱ्या वर्षी सहाशे. तिसऱ्या वर्षापासून एकदम एकशे नव्वद, आणि मग आठ वर्षं तसाच.

डोंगराच्या पोटातलं पाणी असं एका वर्षात मऊ होत नसतं. आठ वर्षं ती ज्या पाण्याला हिरवी खूण करत होती, ते भोकरदऱ्याचं पाणीच नव्हतं.

दोन

कल्याण खेडकर हा संस्थेचा गावोगाव फिरणारा माणूस. मोटारसायकल, पाठीवर पिशवी, तोंडात गोडवा. शनिवारी सकाळी संस्थेच्या जीपमध्ये गोजरबाई मागे बसल्या होत्या आणि तो पुढे गाडी चालवत होता. करंजीचा घाट चढून झाला. मग सुरेखा म्हणाली, "कल्याण, भोकरदऱ्याच्या बाटल्या तू कोणत्या नळावर भरल्यास?"

"पाच ठिकाणी मॅडम. नियमाप्रमाणं."

"तू भरल्यास?"

कल्याणनं गिअर बदलला. गरज नसताना बदलला.

"मॅडम, खोटं बोलत न्हाई. गावात गेलं, की पाणी समितीच्या लंकाबाई ओसरीवर बसवतात. म्हणतात, एवढ्या लांबून आलात, उन्हातान्हाचं कशाला फिरता, चहा घ्या, आम्ही आणतो भरून. नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं," तो पुटपुटला.

सुरेखाला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण पाहुण्याला उन्हात फिरू न देण्याची ही रीत तिनंही गावोगाव मुकाट्यानं उपभोगली होती. आपणसुद्धा किती ओसऱ्यांवर बसून नळ तपासले, हे तिला आठवलं.

"यंदा कधी गेला होतास?"

"पंचवीस आणि सव्वीस नोव्हेंबर. वीस बाटल्या एका दिवशी जमणार नाहीत म्हणाल्या. मग पंचवीसला दहा दिल्या, सव्वीसला दहा." तो जरा घुटमळला. "एक सांगू का? बाटल्या कोमट लागत होत्या हाताला. मला वाटलं, उन्हात ठेवल्या असतील."

"कोमट? आणि तू हे आत्ता सांगतोस?"

रस्त्याच्या कडेला भोकरदऱ्याची पाटी आली. तिच्याखाली नवी कोरी दुसरी पाटी लावली होती, 'निर्मळ पाण्याची दहा वर्षे'. मागच्या सीटवर गोजरबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं.

तीन

गाव अर्धं कुलुपात होतं. दिवाळी झाली, की इथली तरणी माणसं कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे जातात, ती पाडव्याला परततात. मागे राहतात म्हातारी, लहानगी आणि एखादी पोटुशी.

विहिरीवर भिमाजी भेटला. पाणी सोडणं आणि पाण्यात औषध टाकणं, ही दोन्ही कामं पंचायतीनं त्याच्याकडे दिलेली. त्यातलं पहिलं तो मनापासून करायचा.

"औषध टाकता का रोज?"

"टाकतो की."

"दाखवा पोतं."

पंचायतीच्या खोलीत ब्लीचिंग पावडरचं पोतं होतं. सुरेखानं त्यावर हात मारला. आत दगड झाला होता.

भिमाजीनं मान खाली घातली. "वास येतो म्हनून बायका शिव्या देत्यात, म्याडम. आन् तुमचंच सर्टिफिकेट हाय की, पानी चांगलं हाय म्हनून. मंग कशाला टाकू?"

सुरेखाच्याच सहीनं त्या पोत्याचा दगड केला होता.

ती विहिरीच्या कठड्यावर उभी राहिली. वरच्या अंगाला वस्ती, वस्तीत ओळीनं संडास. शंभर टक्के घरांत संडास, हाही तिच्याच अहवालातला हिरवा रकाना.

"खड्डे किती खोल आहेत यांचे?"

"पंधरा फूट!" भिमाजी एकदम खुलला. "कागदावर चार फूट हुतं, पन आमी म्हनलं, सारकं उपसायची भानगड कशाला? सुरुंग लावून घेतले. नातवाच्या काळात बी भरायचे न्हाईत."

ते भरणार नव्हतेच. खडकाच्या भेगांतून सगळं खाली विहिरीला जात होतं. भिमाजीच्या घराच्या मागे निवडुंगावर तीन वाळलेल्या माळा लटकत होत्या, झाडाच्या काड्यांच्या.

"या कसल्या?"

"काविळीच्या. दोन म्हाताऱ्यांच्या, एक माझी. माळ घातली, उतरली कावीळ. दवाखान्यात जायाचं कामच पडलं न्हाई."

म्हणजे डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे निवडुंगावर टांगलेलं होतं, आणि ते कुठल्याच नोंदीत नव्हतं. सुरेखानं स्वतःच्या हातानं विहिरीवर आणि चार नळांवर छोट्या तपासणीच्या बाटल्या भरल्या. पाणी दूषित असेल तर ते दिवसभरात काळं पडतं. बाटल्या पर्समध्ये घालून ती निघाली, तेवढ्यात भिमाजी मागून म्हणाला, "म्याडम, गोजरबाईच्या सुनेच्या मरनाचं इचारत असाल तर आप्पासाहेबांकडं जावा. पान्याचा कारखाना त्यांचाच हाय."

चार

आप्पासाहेब म्हणजे माजी सरपंच, आणि आताच्या सरपंचबाईंचे यजमान. शेजारच्या गावात त्यांचा यंत्रानं पाणी गाळून थंड जार विकण्याचा धंदा. ती पाटीही त्यांनीच लावलेली, आणि पुढच्या आठवड्यात दशकपूर्तीचा मांडवही तेच घालणार होते.

सुरेखाचा संशय पक्का झाला होता. जारचं पाणी मऊ असतं. जार आणायचे, बाटल्या भरायच्या, गावाला मान मिळवायचा. तिनं आडपडदा न ठेवता तसं तोंडावर बोलून टाकलं.

आप्पासाहेब चिडले नाहीत, उलट पांढरे पडले. "मॅडम, मी पुढारी आहे, मिरवायची हौस आहे, कबूल. पण घरात आम्ही जारचं पाणी पितो ते फक्त चवीसाठी. गावचं पाणी खराब आहे हे मला ठाऊक असतं, तर माझी आई नळाचं पाणी पीत बसली असती का? तिला जारचं पाणी आवडत नाही." त्यांनी कपाटातून कागद काढला. "हा माझ्या जारच्या पाण्याचा तपासणी अहवाल. घ्या, ताडून बघा."

सुरेखानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. जडपणा त्यांच्या पाण्यातही कमी होता. पण खालच्या ओळीवर ती थबकली. पाण्यातला खारेपणा. जारच्या पाण्यात बारा. तिच्या बाटल्यांत एकशे पंच्याण्णव. आणि दहा वर्षांपूर्वी, जेव्हा खरोखर विहिरीतलं पाणी आलं होतं, तेव्हा एकशे नव्वद.

यंत्रातून गेलं असतं तर जडपणा आणि खारेपणा दोन्ही गेले असते. इथे जडपणा तेवढा गेला होता. मीठ जसंच्या तसं होतं.

ती खुर्चीत मागे टेकली. काल ऑफिसात तिनं जे ठामपणे ठरवलं होतं, ते साफ चुकलं होतं. बाटल्यांतलं पाणी बाहेरून आलेलं नव्हतंच. ते याच विहिरीचं होतं. मग ते निर्मळ कसं झालं?

पाच

रविवारी सकाळी सुरेखा गोजरबाईंच्या घरी चुलीपाशी बसली होती. रात्री तिथेच मुक्काम केला होता. गोजरबाईंनी चहाचं पातेलं खाली उतरवलं, तेव्हा त्याच्या बुडाला पांढरा थर दिसला.

"आमचं पानी लई जड. डाळ शिजता शिजत न्हाई," गोजरबाई म्हणाल्या. "रेश्मा हुशार हुती. लंकाबाईनं आनलेलं पानी उरलं, की त्यात डाळ टाकायची. बिगी-बिगी शिजायची."

सुरेखाचा हात कपाकडे गेला होता, तो परत आला. "लंकाबाईंनी आणलेलं? कसलं पाणी?"

"कोमट पानी. पोटुशी बाईला गार पानी देऊ नये म्हनत्यात ना? रेश्माला दिवस गेले तवापस्नं लंकाबाई रोज सकाळी एक कळशी आनून द्यायची. मी म्हनलं, आमी तापवतो की. तर म्हनायची, मी अंगनवाडीच्या पोरांसाठी तापवतेच, त्यात हिचं हुतं. पोटच्या लेकीवानी जपलं तिनं. तपासनीचे दोन दिस सोडले, तर एक दिस खाडा न्हाई."

सुरेखा त्या पातेल्याच्या बुडाकडे बघत राहिली. हजारदा घासलेली भांडी, हजारदा पाहिलेला थर. पाणी उकळलं, की जडपणा भांड्याच्या बुडाशी बसतो. मीठ पाण्यातच राहतं. आणि जंतू मरतात.

बाटल्यांत भोकरदऱ्याचंच पाणी होतं. उकळलेलं. म्हणून मऊ, म्हणून खारट, म्हणून निर्मळ. म्हणूनच कल्याणच्या हाताला कोमट.

तिनं पर्स ओढली आणि कालच्या पाच बाटल्या काढल्या. पाचही काळ्याकुट्ट झाल्या होत्या. गोजरबाई तोंडावर पदर घेऊन बघत राहिल्या.

"हे आमी पितो?"

सुरेखानं पाण्याचा हंडा आधी चुलीवर चढवला. "उकळल्याशिवाय एक घोट कुणी घ्यायचा नाही, मावशी. आणि माझ्याबरोबर चला, लंकाबाईंकडे."

सहा

लंकाबाई साठीच्या, ठेंगण्या, अंगणवाडीच्या मदतनीस आणि दहा वर्षं पाणी समितीच्या अध्यक्ष. परसात तीन दगडांवर त्यांचं मोठं पातेलं होतं. कल्याण आधीच तिथे येऊन अवघडून उभा होता. सुरेखानं पातेल्यात हात घातला आणि आतला थर नखानं उकरला. बोटभर जाडीचं ढेकूळ निघालं. आठ वर्षांचा जडपणा तिच्या तळहातावर आला.

"लंकाबाई, बाटल्या तुम्ही उकळलेल्या पाण्यानं भरत होता."

त्यांनी नाही म्हटलं नाही. खाली बसल्या, पदर सारखा केला.

"व्हय. मीच."

"का?" सुरेखाचा आवाज चढला. "पाणी खराब आहे हे ठाऊक असून? दोन म्हातारे, भिमाजी, आणि आता रेश्मा! का केलंत असं?"

"दुसऱ्या वर्सी तुमी लाल फुली मारली हुती, सुरेखाताई. आठवतंय?"

"आठवतंय. पाणी खराब होतं. विहीर बंद केली."

"केली. कुलूप लावलं. टँकर येनार म्हनले. आठवड्यातनं दोनदा आला, मंग एकदा, मंग आलाच न्हाई. तीन महिने आमी खानीत उतरून पानी आनलं. दगडाच्या खानीत, चाळीस फूट खाली. माझी जाऊ आक्काबाई दोन हंडे घेऊन वर येताना घसरली. तितंच गेली."

सुरेखाला दुसऱ्या वर्षाचं ते पान जसंच्या तसं दिसलं. 'दूषित स्रोत बंद केला का? होय.' त्यापुढे रकानाच नव्हता. बंद केल्यावर गाव काय प्यालं, हे कुठे लिहायचं ते छापलेलंच नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं. आक्काबाई हे नाव ती आठ वर्षांनी पहिल्यांदा ऐकत होती.

"मंग गावानंच कुलूप तोडलं, आन् मी तवाच ठरवलं," लंकाबाई म्हणाल्या. "परत फुली मारू द्यायची न्हाई. कल्यान तपासनीची एक जादा बारकी बाटली ठिवून गेल्ता. नळाचं पानी भरून बघितलं, काळं पडलं. मंग पोरांचं पानी उकळायला लागले. गावात कुनी पोटुशी असली, की तिला कोमट म्हनून द्यायचे. खरं सांगितलं असतं, तर बोभाटा झाला असता, आन् परत तुमचं कुलूप. सगळ्या गावाचं उकळायला सरपन कुटून आनू? जेवढं एका बाईकडनं हुतं, तेवढं केलं." त्या सुरेखाकडे वळल्या. "पन एक कोडं मला सुटंना, ताई. रेश्माला तर मी रोज उकळून दिलं. सहा महिने. ती कशी काय गेली?"

आणि सुरेखाला ते उत्तर दिसलं. ते तिला नको होतं. तिनं मनातल्या मनात तारखा परत मोजल्या, चुकाव्यात अशी आशा धरून मोजल्या. चार जानेवारीला ताप. डॉक्टर म्हणाले, आधी पाच-सहा आठवडे. चार जानेवारीपासून मागे चाळीस दिवस.

पंचवीस नोव्हेंबर.

"लंकाबाई," ती म्हणाली, "कल्याण बाटल्या घेऊन आला, त्या दिवशी किती पाणी उकळलं होतं?"

"रोजच्यावानी. एक हंडा पोरांचा, एक कळशी रेश्माची."

"आणि बाटल्या?"

"कल्यान सकाळीच आला अचानक. दर साली दोन बाटल्या असत्यात, दोन तांबे पानी पुरतं. अवंदा त्यो म्हनला, वीस. मी म्हनलं, आजच्या दहा, उद्याच्या दहा. नव्यानं उकळलं असतं, तर निवायला दुपार झाली असती. गरम बाटली हातात दिली, तर कल्यानला कळलं असतं. पोरांचं कसं काढू? मंग..."

लंकाबाई थांबल्या.

"मंग कळशी वतली," त्या हळू म्हणाल्या. "दोन्ही दिस. दुसऱ्या दिसाला जादा उकळावं, तर सरपन नव्हतं. रेश्माला म्हनलं, दोन दिस घरचंच घे गं, पाहुन्यांच्या गडबडीत हाय मी. म्हनलं, दोन दिसानं काय हुतंय."

एक कळशी म्हणजे दहा लिटर. दहा बाटल्या. रेश्माला कोमट पाणी म्हणजे पोटुशीचं कौतुक वाटत होतं. ते तिचं औषध आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवस कौतुक झालं नाही, तर तिनं नळाखाली तांब्या धरला.

लंकाबाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि जमिनीवर कपाळ टेकलं. वीस बाटल्यांचा हुकूम कुणी काढला, हे तिथे कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. उद्या कुणी शंका काढू नये म्हणून, सुरेखानंच काढला होता.

सात

गोजरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

सुरेखा त्यांच्यासमोर जाऊन बसली. "मावशी, रेश्माला तुम्ही काही पाजलं नाही. घाण पाणी आमच्या दाखल्यानं निर्मळ ठरवलेल्या नळाचं होतं. उद्या ठाण्यात मी तुमच्यासोबत येते. या काळ्या बाटल्या, हे दहा वर्षांचे कागद, सगळं घेऊन. आणि जबाबात पहिलं नाव माझं लिहून देते. वीस बाटल्या मी मागितल्या. तुमच्या बजरंगलाही मीच फोन करते, आत्ता."

तिनं फोन केला. पलीकडे ऊसतोडीचा गलका होता. ती बोलत गेली तसा तो गलका मागे पडला, बजरंग फडातून बाजूला आला असावा. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "आयला फोन द्या."

माय-लेक काय बोलले, ते सुरेखानं ऐकलं नाही. ती लांब जाऊन तालुक्याला फोन लावत बसली, टँकरसाठी. विहिरीला कुलूप हवंच होतं. पण टँकर गावात रोज उभा राहील, याची सोय झाल्याशिवाय ते लागणार नव्हतं, आणि तोवर ती गावातून हलणार नव्हती. भिमाजी नवी पावडर आणायला पाथर्डीला पिटाळला गेला. आप्पासाहेबांनी न सांगता जारची गाडी गावात आणून लावली, आणि पाटी स्वतःच्या हातानं उतरवली. लंकाबाई उठून पुन्हा पातेल्याखाली जाळ घालत होत्या. उद्या त्यांनाही ठाण्यात यावं लागणार होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण अंगणवाडीची पोरं उद्याही पाणी पिणार होती.

गोजरबाईंनी फोन परत आणून दिला. आता त्यांचे डोळे वाहत होते. त्यांनी लंकाबाईंकडे पाहिलं, पण त्यांना एक शब्दही बोलल्या नाहीत. मग सुरेखाकडे वळल्या.

"बाई, त्या बाटल्या आता कुटं हायत?"

"दहा तपासणीत संपल्या."

"आन् दुसऱ्या दिसाच्या?"

सुरेखाला खोटं बोलता आलं असतं. "माझ्या कपाटात आहेत. सीलबंद."

गोजरबाईंनी त्या चुलीवरच्या वाफेकडे पाहिलं.

"म्हंजी रेश्माचं एका दिसाचं पानी अजून शिल्लक हाय," त्या म्हणाल्या.